थंडीतला भोपळा: कुठे ठेवायचा, कधी खायचा, कसा शिजवायचा

ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या कुठल्याही मराठी घरी जा, स्वयंपाकघराच्या एका कोपऱ्यात तुम्हाला हमखास एक देखावा दिसेल. बागेत जाऊन स्वतः तोडून आणलेली पिशवीभर सफरचंदं आणि त्यांना खेटून ठेवलेले तीन-चार तऱ्हेचे भोपळे. एक लांबट बदामी रंगाचा, एक गडद हिरवा आणि खाचा पडलेला, एक पिवळा पट्ट्यापट्ट्यांचा. मुलांनी हट्टानं घ्यायला लावलेला एक मोठा नारिंगी. डिसेंबरपर्यंत त्यातले दोन तरी कचऱ्यात जातात आणि उरलेल्यांची भाजी पाणचट होते. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "इथल्या भोपळ्याला आपल्याकडची चव नाही."

पॉडकास्टच्या मागच्या भागात आपण भाज्यांच्या बियाण्यांच्या प्रवासाबद्दल बोललो, तेव्हा भोपळ्याचा विषय ओझरता आला आणि वेळेअभावी तिथेच राहिला. तो इथे सविस्तर लिहिते. चव नसण्यात दोष भोपळ्याचा कमी आणि आपण तो कोणता घेतो, कुठे ठेवतो, कधी कापतो याचा जास्त, हे मला सांगायचंय.

आणि हे मी उंटावरून शेळ्या हाकत सांगत नाहीये. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडच्या एका छोट्या गावात पीएचडी करत असताना पहिल्याच वर्षी मी आणि माझ्या मैत्रिणीनं हंगामाच्या शेवटच्या शेतकरी बाजारातून वीस डॉलरला खोकंभर भोपळे आणले. चौदा नग. महिन्याचा पगार मोजून-मापून पुरवायचा होता. भोपळा टिकतो, हे दोघींनाही घरून माहीत होतं. आठवड्याला एक धरला तरी जानेवारी संपेपर्यंत भाजीची चिंता नाही, असा हिशेब. घरात जागा नव्हती म्हणून खोकं मागच्या बंद पण हीटर नसलेल्या पडवीत ठेवलं. "थंडीत काय, फ्रीजच आहे," असं म्हणून निर्धास्त झालो. डिसेंबरच्या सुट्टीनंतर खोकं आत आणलं तेव्हा भोपळे बाहेरून ठीक दिसत होते. तीन दिवसांनी त्यांच्यावर खोलगट मऊ डाग पडले, आठवड्याभरात खोक्याच्या तळाशी पाणी साचलं. नऊ भोपळे फेकले. वीस डॉलरचं तेव्हा दुःख झालंच, पण त्याहून जास्त लाज वाटली, कारण मी ज्या विभागात शिकत होते तिथे पिकांच्या काढणीपश्चात टिकवणुकीवर संशोधन चालायचं.

'विंटर' म्हणजे थंडीत पिकणारा नव्हे

आधी नावाचा घोळ मिटवू. इथे ज्याला विंटर स्क्वॉश म्हणतात तो उन्हाळ्यात वाढतो आणि पहिलं हिमदव पडायच्या आत काढतात. 'विंटर' हे खाण्याच्या ऋतूवरून पडलेलं नाव आहे. झुकिनीसारखे समर स्क्वॉश आपण कोवळे खातो, म्हणजे साल मऊ आणि बिया कच्च्या असताना. विंटर स्क्वॉश वेलीवर पूर्ण जून होऊ देतात. साल टणक होते, बिया भरतात आणि गरात पिष्ट साठतं. कोवळी काकडी आणि कोकणातलं जून पिवळं तवसं यांच्यात जो फरक, तोच इथे. झुकिनी आणि एकॉर्न स्क्वॉश तर एकाच प्रजातीचे आहेत.

स्क्वॉश हा शब्द इथल्या नॅरागान्सेट लोकांच्या भाषेतून आला. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावायची 'तीन बहिणी' ही पद्धत इथल्या मूळ रहिवाशांची. हे फळ मुळात अमेरिका खंडांचंच आहे. मेक्सिकोतल्या ओआहाका प्रांतातल्या एका गुहेत सापडलेल्या बिया सुमारे दहा हजार वर्षं जुन्या आहेत. आपला लाल भोपळा, म्हणजेच तांबडा भोपळा, काशीफळ किंवा डांगर, समुद्र ओलांडून भारतात आला तो पंधराव्या शतकानंतर. त्याआधी आपल्याकडे भोपळा होता तो दुधीचा. तंबोऱ्याचा भोपळा त्याच जातकुळीतला. म्हणजे ऑक्टोबरच्या बाजारात तुम्ही परक्या भाजीसमोर उभे नसता. आपल्या लाल भोपळ्याच्या माहेरी आलेले असता.

देठ बघा, घराणं कळेल

बाजारात शंभर नावं दिसली तरी खाण्याचे बहुतेक भोपळे तीन प्रजातींत बसतात. कुठला किती टिकेल आणि कसा शिजेल, हे बरंचसं त्या घराण्यावर ठरतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे देठ.

देठ टणक, कोनेदार, खडबडीत आणि फळाला टेकतो तिथे फारसा पसरत नसेल तर ते पेपो घराणं. एकॉर्न, डेलिकाटा, स्पॅगेटी स्क्वॉश आणि हॅलोविनला कोरतात तो नारिंगी भोपळा हे सगळे यात येतात. हे तिघांत कमी टिकतात.

देठ जाड, गोलसर आणि बुचासारखा मऊ असेल तर मॅक्सिमा. जपानी काबोचा, बटरकप, रेड कुरी आणि निळसर राखाडी, चामखिळी असलेला प्रचंड हबर्ड हे या घराण्यातले. गर घट्ट, कोरडा आणि पिठूळ.

देठ टणक, गुळगुळीत, पाच कडांचा आणि फळाजवळ फुलीसारखा पसरलेला असेल तर मोशाटा. बटरनट हा इथला सर्वांत ओळखीचा मोशाटा. आपल्याकडच्या लाल भोपळ्याचे बरेच वाण याच प्रजातीचे. बंगळुरूच्या भारतीय फलोत्पादन संशोधन संस्थेचा 'अर्का चंदन' हा वाण मोशाटा आहे, तर त्याच संस्थेचा 'अर्का सूर्यमुखी' मॅक्सिमा. इथे डब्यात मिळणारा लिबीजचा पंपकिनचा गरसुद्धा मोशाटा जातीच्या भोपळ्याचा असतो. तेव्हा "आपल्याकडच्यासारखा" भोपळा हवा असेल तर नारिंगी रंगाला भुलू नका, बटरनट उचला. रंग बदामी असला तरी रक्ताचं नातं त्याच्याशी आहे.

निवडताना चार गोष्टी बघा. आकाराच्या मानानं वजनदार हवा. साल चकचकीत नको, मंद हवी. नखानं दाबल्यावर नख रुतता कामा नये. आणि देठ हवाच, निदान इंचभर. देठ तुटलेल्या जागेतून बुरशी आत शिरते. म्हणून भोपळा कधीही देठाला धरून उचलू नका, तान्ह्या बाळासारखा खालून हात घालून उचला. बटरनटवर हिरव्या रेघा दिसल्या तर तो कोवळा तोडलेला आहे.

तोडलेला भोपळा जिवंत असतो

साठवणुकीचं सगळं शास्त्र या एका वाक्यात आहे. वेलीवरून तोडला म्हणून भोपळा मरत नाही. तो श्वसन करत राहतो. साठवलेलं पिष्ट आणि साखर जाळतो, पाणी आणि उष्णता बाहेर टाकतो. आपल्याला हे जगणं मंद करायचं असतं, थांबवायचं नसतं.

म्हणून शेतकरी भोपळा काढल्यावर आधी तो 'मुरवतात'. साधारण २७ ते २९ अंश सेल्सियसला, म्हणजे ८० ते ८५ अंश फॅरनहाइटला, हवा खेळती ठेवून आठ-दहा दिवस. या उबेत सालीवरचे छोटे ओरखडे भरून येतात, साल आणखी टणक होते आणि देठ वाळतो. दुकानातल्या भोपळ्याचं हे बहुधा झालेलं असतं. तुमच्या परसातला असेल तर कोरड्या उन्हात किंवा घरातल्या सर्वांत उबदार खोलीत हे काम तुम्हाला करावं लागेल. एकॉर्नला मात्र मुरवू नका. त्या उबेत त्याची चव आणि आयुष्य दोन्ही कमी होतं.

मुरवून झालं की जागा बदलायची. आता हवी १० ते १३ अंश सेल्सियस, म्हणजे ५० ते ५५ फॅरनहाइट. हवा कोरडीसर, ५० ते ७० टक्के आर्द्रतेची. याहून गरम जागी श्वसन वाढतं, गर सैल आणि तंतुमय होतो. आणि याहून थंड जागी काय होतं, ते आमच्या पडवीनं शिकवलं.

भोपळा उष्ण प्रदेशातलं फळ. १० अंशांच्या खाली त्याच्या पेशींची पटलं नीट काम करेनाशी होतात. गोठावंच लागतं असं नाही, चार-पाच अंशांतही इजा होते. ही इजा साठत जाते: जितकी थंडी जास्त आणि जितके दिवस जास्त, तितकं नुकसान. पण थंडीत असेपर्यंत ते दिसत नाही. उबेत आणल्यावर इजा झालेल्या जागा खचतात आणि बुरशीला दार उघडतं. फ्रीजमध्ये ठेवलेलं केळं काळं पडतं ना, तोच प्रकार. म्हणजे आमचे भोपळे घरात आणल्यावर खराब झाले नव्हते. ते पडवीतच झाले होते, घरात फक्त कळलं.

त्यामुळे अख्खा भोपळा फ्रीजमध्ये नको आणि थंड प्रदेशातल्या गॅरेजमध्येही नको. मग कुठे? तळघर असेल आणि ते १० अंशांच्या खाली जात नसेल तर उत्तम. अपार्टमेंट असेल तर खिडकीपासून आणि हीटरच्या झडपेपासून लांब असलेली खोली, कपाटाचा तळ, पलंगाखालची जागा. आमच्याकडे आता ते झोपायच्या खोलीतल्या पुस्तकांच्या कपाटात खालच्या फळीवर असतात. २० अंशांच्या घरात भोपळा तळघराइतका टिकणार नाही, पण चांगला बटरनट दीड-दोन महिने सहज राहतो. पंधरा डॉलरचा थर्मामीटर घेऊन दोन-तीन जागांचं तापमान रात्री मोजा. अंदाजावर जाऊ नका, आम्ही गेलो होतो.

ठेवताना एकमेकांना चिकटवू नका, एकावर एक रचू नका. खाली पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र. धुवून ठेवू नका, कोरड्या फडक्यानं पुसून ठेवा. आठवड्यातून एकदा कांदे-बटाटे निवडतो तसे उलटसुलट करून बघा. मऊ डाग दिसला तर तो भोपळा त्याच दिवशी कापा. डागाभोवतीचा भाग भरपूर सोडून काढा आणि बाकीचा शिजवा. आतून वास येत असेल किंवा गर बुळबुळीत झाला असेल तर अख्खा टाका.

कोकणातल्या जुन्या घरांत भोपळे आणि तवशी आढ्याला, वाशांना बांधून टांगायचे. आता त्यामागचं कारण लक्षात येईल. फळ कुठेच टेकत नाही, सगळीकडून वारा लागतो, जमिनीची ओल नाही, उंदरांचा त्रास कमी. इथे छताला भोपळे टांगायला घरमालक परवानगी देणार नाही, पण तत्त्व तेच पाळायचं: कोरडं, खेळत्या हवेत, सुटंसुटं.

आणि तो सुरुवातीचा देखावा मोडा. सफरचंद पिकताना इथिलिन वायू सोडतं. त्याच्या शेजारी ठेवलेला हिरवा एकॉर्न पिवळा पडतो आणि लवकर उतरतो. सफरचंदं फ्रीजमध्ये, भोपळे कपाटात, अशी ताटातूट करा. कांदे-बटाट्यांनाही भोपळ्याबरोबर एका टोपलीत घालू नका. बटाट्याला याहून गार आणि अंधारी जागा हवी, कांद्याला गार आणि अगदी कोरडी.

कोणता आधी, कोणता नंतर

बहुतेक लोकांना न माहीत असलेला मुद्दा हा. काही भोपळे तोडल्या दिवशी चांगले लागतच नाहीत.

जून होताना भोपळा पिष्ट साठवतो. तोडल्यावर त्यातली विकरं त्या पिष्टाची हळूहळू साखर करतात. गरातलं पिष्ट आणि बाकीचा कोरडा ऐवज पिठूळपणा देतो, साखर गोडी देते. चव या दोन्हींच्या तोलावर ठरते. न्यू हॅम्पशायर विद्यापीठातले ब्रेंट लॉय यांनी भोपळ्यांच्या पैदाशीवर कित्येक दशकं काम केलं आणि खाण्याचा दर्जा कधी येतो हा प्रश्न लावून धरला. एकॉर्नची गंमत अशी की फुलानंतर दोन-तीन आठवड्यांतच तो पूर्ण आकाराचा आणि गडद हिरवा दिसतो, पण आतून तयार व्हायला त्याला ५० हून अधिक दिवस लागतात. दिसण्यावर भुलून लवकर तोडलेला एकॉर्न फिका, पाणचट लागतो. तो जमिनीला टेकलेल्या बाजूला गडद नारिंगी ठिपका शोधा, फिकट पिवळा असेल तर सोडून द्या.

याउलट काबोचा ताजा असताना कोरडा आणि बेचव लागतो. महिना-दीड महिना थांबलात तर गोड होतो. बटरनटही थांबल्यावर सुधारतो, गोडी वाढते आणि गराचा केशरी रंग गडद होतो. पण थांबण्यालाही मर्यादा आहे. पिष्ट संपत आलं की गर ओलसर आणि दोऱ्या-दोऱ्यांचा होतो.

आमच्या फ्रीजच्या दारावर दर वर्षी हे वेळापत्रक लागतं. तुम्हीही लावा.

ऑक्टोबर आणि नोव्हेंबर: एकॉर्न. पाच ते आठ आठवड्यांहून जास्त ठेवू नका. सोबतीला डेलिकाटा, त्याची साल पातळ असते, थँक्सगिव्हिंगच्या आसपास संपवा. स्पॅगेटी स्क्वॉशही याच सुमारास.

नोव्हेंबर ते जानेवारी: काबोचा, बटरकप, बटरनट. जागा चांगली असेल तर बटरनट दोन-तीन महिने ठीक राहतो.

जानेवारी ते मार्च: हबर्ड. नीट ठेवला तर पाच-सहा महिने टिकतो.

हॅलोविनचा नारिंगी भोपळा खाता येतो, विषारी वगैरे नसतो. पण तो कोरायला सोपा जावा म्हणून पातळ भिंतींचा, तंतुमय, पाणीदार असतो. एक नोव्हेंबरला तो डॉलरला मिळतो म्हणून चार आणू नका. आणि कोरून, मेणबत्ती लावून दाराबाहेर ठेवलेला तर अजिबात शिजवू नका.

विळ्या-भोपळ्याचं सख्य

मराठीत विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणजे हाडवैर. बटरनट किंवा काबोचा पहिल्यांदा कापताना त्या वाक्प्रचाराचा अर्थ मनगटाला कळतो. सुरी निसटून हात कापल्याच्या घटना या भाजीनं कमी घडवलेल्या नाहीत, त्यामुळे हा भाग घाईत वाचू नका.

भोपळा डुगडुगता कामा नये. आधी देठाकडचा आणि बुडाकडचा पातळ काप काढा, म्हणजे सपाट बूड मिळेल. खाली ओलं फडकं घाला. जड, धारदार सुरी घ्या आणि करवतीसारखी न ओढता वजनानं दाबा. हाताला जड जात असेल तर काट्यानं सात-आठ ठिकाणी खोल टोचून अख्खा भोपळा दोन-तीन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवा, साल नरमते. टोचायला विसरू नका, आतली वाफ कोंडली तर फुटतो. बटरनटची मान आणि पोट आधी वेगळं करा, मानेत बिया नसतात, चौकोनी फोडी तिथूनच चांगल्या निघतात. हबर्ड तर इथले जुने लोक पोत्यात घालून काँक्रीटवर आपटून फोडतात.

बटरनट सोलताना निघणाऱ्या चिकाने काहींच्या हाताची कातडी ताणल्यासारखी होते, नारिंगी पडते, नंतर सालपटं निघतात. साबणानंही ते लगेच जात नाही. उपाय आपल्याला फणसानं शिकवलेलाच आहे: आधी हाताला तेल लावा. नाहीतर हातमोजे घाला.

शिजवताना पाणी हाच शत्रू

प्रेशर कुकरमध्ये पाण्यात बुडवून भोपळा शिजवायची सवय सोडा. आपल्याला हवं असतं ते गरातलं पाणी कमी करणं, वाढवणं नव्हे.

गर हवा असेल तर भाजा. भोपळा उभा चिरून, बिया काढून, कापलेली बाजू खाली ठेवून ४०० फॅरनहाइटला (सुमारे २०० सेल्सियस) पाऊण ते एक तास. सुरी लोण्यात जावी तशी गेली पाहिजे. मग चमच्यानं गर काढून चाळणीत पंधरा मिनिटं ठेवा. जेवढं पाणी खाली गळेल तेवढी कणीक घारग्यांत कमी लागेल.

माझी आई इथे आली तेव्हा तिचे घारगे सलग दोनदा बिघडले. पहिल्यांदा एकॉर्न वापरला, दुसऱ्यांदा हॅलोविनचा भोपळा. पीठ सैल झालं की ती आणखी कणीक घालायची आणि घारगे चिवट व्हायचे. "तुमच्या इथला गूळ बरोबर नाही," असा तिचा निष्कर्ष होता. तिसऱ्यांदा मी दीड महिना ठेवलेला काबोचा भाजून दिला. प्रमाण असं: एक वाटी गर, पाऊण वाटी चिरलेला गूळ. दोन्ही मंद आचेवर गूळ विरघळेपर्यंत एकत्र करून पूर्ण गार करायचं. चिमूटभर मीठ, वेलची, दोन चमचे कडकडीत तेलाचं मोहन, दोन चमचे तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक, जास्त नाही. वरून पाणी अजिबात नाही. अर्धा तास झाकून ठेवून जाडसर थापायचे आणि मध्यम आचेवर तळायचे. या वेळी गुळाबद्दल कुणी काही बोललं नाही.

भाजीला बटरनट किंवा काबोचा घ्या. तेलात मेथीदाणे, हिंग, सुकी मिरची, मग इंचभराच्या फोडी, आणि झाकणावर पाणी ठेवून वाफेवर शिजू द्या. आत पाणी घालू नका. साठवलेला भोपळा मुळात गोड झालेला असतो, त्यामुळे गूळ निम्मा करा आणि शेवटी थोडी चिंच किंवा आमसूल घाला. काबोचा, डेलिकाटा आणि रेड कुरीची साल शिजून मऊ होते, सोलायची गरज नाही. बटरनटची साल काढलेली बरी. वऱ्हाडातल्या बाकर भाजीसाठी, जिथे तीळ, खसखस आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण फोडींना लपेटून बसायला हवं, हबर्डचा घट्ट गर फार छान.

एकॉर्नसारखा ओलसर भोपळा दह्यातल्या भरिताला द्या. भाजून, कुस्करून त्यात दही, दाण्याचं कूट, मिरची, कोथिंबीर आणि वरून तुपाची जिऱ्या-हिंगाची फोडणी. तिथे ओल दोष ठरत नाही. स्पॅगेटी स्क्वॉशचे दोरे फळाच्या आडव्या परिघानं गोल फिरलेले असतात, म्हणून लांब दोरे हवे असतील तर तो उभा न चिरता आडवा चिरा. त्याची कोशिंबीर कोबीच्या कोशिंबिरीसारखी कुरकुरीत होते. बिया धुवून, वाळवून, मंद भाजून चटणीत वाटा.

उरलेल्याचं काय

कापलेला कच्चा भोपळा झाकून फ्रीजमध्ये चार-पाच दिवस राहतो. हाच एक टप्पा जिथे फ्रीज बरोबर आहे. त्याहून जास्त ठेवायचा तर शिजवून, कुस्करून, गार करून फ्रीझरमध्ये. मी वाटीच्या मापानं मफिनच्या साच्यात गोठवते आणि मग पिशवीत भरते, एक गोळा म्हणजे एक घाणा घारगे. आठ-दहा महिने चव बदलत नाही.

एक गोष्ट मात्र करू नका. भोपळ्याचा गर घरी बरणीत हवाबंद करून कपाटात ठेवू नका, प्रेशर कॅनर असला तरी. भोपळ्यात आंबटपणा कमी असतो आणि दाट गरात उष्णता आतपर्यंत सारखी पोहोचत नाही. बोट्युलिझमचे जिवाणू त्यातून वाचू शकतात, आणि त्यांच्या विषाला वास किंवा चव असेलच असं नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा सल्ला स्पष्ट आहे: गर फक्त गोठवा. प्रेशर कॅनिंग करायचंच तर ते फोडींचं, आणि त्यांच्या तक्त्याप्रमाणे.

दुसरी सावधगिरी कडूपणाची. भोपळा कडू लागला तर तो थुंका आणि अख्खा टाका. हा कडूपणा कुकुरबिटासिन नावाच्या द्रव्यांचा असतो. ती शिजवून जात नाहीत आणि पोटाला गंभीर इजा करू शकतात. कडू दुधीचा रस प्यायल्यानं भारतात माणसं दगावली आहेत, हे तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. ती द्रव्यं याच कुळातली. दुकानातल्या भोपळ्यात हे क्वचित होतं. पण परसात मागच्या वर्षीच्या बियांतून आपोआप उगवलेल्या वेलीचं फळ असेल तर जपा. शोभेच्या भोपळ्याचे पराग लागून त्या बियांत संकर झालेला असू शकतो. फोडणीला टाकण्याआधी कच्च्या गराचा लहानसा तुकडा जिभेला लावून बघा. घरी आई दुधीचा नि काकडीचा तुकडा चाखूनच पुढे चिरायची, ती सवय इथेही चालू ठेवा.

यंदा खोकं आणाल तेव्हा आधी देठ बघून घराणं ओळखा, मग थर्मामीटर घेऊन जागा शोधा. सफरचंदं लांब ठेवा. एकॉर्न या आठवड्यात कापा आणि काबोच्यावर पेननं तारीख लिहून ठेवा, दीड महिन्यानंतरची. तोवर त्याला हात लावायचा नाही, घरात कुणालाही घारग्यांची कितीही आठवण आली तरी.